पहिल्या बाकावरच्या सत्यवतीबाई

उपासना संपली आणि पाळकसाहेबांनी चष्मा काढला, तेव्हाच सत्यवतीबाईंनी ओळखलं की आता काहीतरी नको ते ऐकायला लागणार. पाळकसाहेब चष्मा काढून बोलायचे ते दोनच प्रसंगी. कोणी वारलं की, नाहीतर वरून पत्र आलं की. त्या आठवड्यात मंडळीतलं कोणी वारलं नव्हतं.

पत्रच होतं. येत्या जूनपासून थळच्या आसपासच्या चार गावांना मिळून एकच पाळक राहणार. म्हणजे खारवाडीच्या या एवढ्याशा मेथॉडिस्ट चर्चमध्ये पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येणार. बाकीचे रविवार? पत्रात त्याचीही सोय होती. ज्या मंडळीकडे परीक्षा देऊन मान्यता मिळवलेला स्थानिक उपदेशक असेल, तिथली दर रविवारची उपासना चालू राहील. नसेल, तिथल्या लोकांनी तालुक्याच्या चर्चला जावं. आणि हा उपदेशक होता होईल तो तिशीच्या आतला असावा, कारण जगभरच्या मेथॉडिस्ट मंडळ्यांत आता कारभार तरुणांच्या हाती सोपवायचं ठरतं आहे, असंही पत्रात लिहिलं होतं.

"तिशीच्या आतला," पाळकसाहेबांनी पुन्हा वाचलं आणि समोर पाहिलं. समोर सतरा माणसं होती. त्यातली अकरा साठीच्या पुढची.

"आपला तरुण संघ आहे ना? अध्यक्षांनी उभं राहावं."

कमलेश पाटोळे उभा राहिला. आधी बाकाची पाठ धरली, मग गुडघा, मग उभा राहिला.

"कमलेश, तुझं वय काय?"

"सेहेचाळीस पूर्ण, साहेब. पण निवडणूक झाली तेव्हा सत्तावीसचा होतो."

मंडळी खळखळून हसली. कमलेशही हसला. त्यात त्याचा काही दोष नव्हता. एकोणीस वर्षांत ती निवडणूक पुन्हा घ्यायची कोणाला आठवणच झाली नव्हती. नाताळात कंदील लावायला, कोणाच्या घरी मयत झालं तर खुर्च्या आणायला कमलेश हजर असायचा. मग आणखी काय पाहिजे?

सत्यवतीबाई मात्र हसल्या नाहीत. पहिल्या बाकाच्या डाव्या टोकाला, आपल्या नेहमीच्या जागी त्या बसल्या होत्या. मंडळीप्रमुख म्हणून त्या जागेवर बसायला लागून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. सव्वीस वर्षांत आपण एकही रविवार चुकवला नाही, ही गोष्ट त्या कोणाला सांगत नसत. पण दुसऱ्या कोणी सांगितली तर अडवतही नसत. आता हे दार महिन्यातून तीन रविवार बंद राहणार. तालुक्याला जायचं म्हणजे दोन रिक्षा बदलायच्या. काळूरामदादांचे गुडघे असे, थोरातांच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या. कोण जाणार होतं? एका वर्षात मंडळी विरून जाणार, हे सांगायला कोणा ज्योतिषाची गरज नव्हती.

बाई मूळच्या म्हसळ्याच्या. विसाव्या वर्षी लग्न होऊन खारवाडीत आल्या तेव्हा बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलेलं होतं, ते त्यांनी सासरी चुलीपुढे बसून पुरं केलं. नवरा खत कारखान्यात फिटर. घरात चार माणसं, चर्चमध्ये तेव्हा साठ. पुढे अंगणवाडीची नोकरी लागली आणि एकोणतीस वर्षं त्यांनी गावातल्या सगळ्या जातीधर्मांच्या पोरांची नाकं पुसली. कोळीवाड्यातली, आगरवाड्यातली, ख्रिस्ती घरांतली, सगळी पोरं त्यांच्या हाताखालून गेली. त्यामुळे आजही मासळीच्या टोपल्या उचलणारे मिशाळ बाप्ये त्या रस्त्याने दिसल्या की विडी मागे लपवतात. नावाने त्यांना कोणी हाक मारत नाही. नुसतं "बाई". मंडळीप्रमुखपदही त्यांच्याकडे आलं ते असंच. दोन पुरुष त्या पदावरून भांडायला लागले आणि कोणीतरी वैतागून म्हणालं, बाईंना करा, त्या दोघांनाही कोपऱ्यात उभं करतील.

अंगणवाडीतली एक सवय मात्र त्यांनी तशीच चर्चमध्ये आणली होती. सव्वीस जानेवारीला पोरं गाणं म्हणायला उभी राहिली की बाई समोर उकिडव्या बसून ओठ हलवायच्या. पोरं त्यांच्या ओठांकडे बघून गायची. चर्चमध्येही तेच. शास्त्रवाचन करणारा अडखळला की पहिल्या बाकावरून शब्द यायचा. प्रार्थना करणारा थांबला की वाक्य पुरं व्हायचं. एकदा तर खुद्द पाळकसाहेबांचं प्रवचनाचं पान उलटताना खाली पडलं, ते उचलून होईपर्यंत बाईंनी मंडळीला एक गीत म्हणायला लावून वेळ निभावून नेली. लोक म्हणायचे, बाई आहेत तोवर कोणाची फजिती होणार नाही.

ते खरंच होतं. पण वर व्यासपीठावर उभं राहायलाही हळूहळू कोणी तयार होईना, याचा त्याच्याशी काही संबंध असेल असं तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाईंच्या तर नाहीच.

*

पत्र आलं त्याच आठवड्यात साळव्यांची क्रांती बाईंच्या घरी आली. बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, हडकुळी, डोळ्यांत सदा काहीतरी विचारायचं असलेली पोर. शनिवार-रविवार ती किनाऱ्यावरच्या एका होमस्टेमध्ये पाहुण्यांचा नाश्ता बनवायला जायची. त्यामुळे चर्चमध्ये ती दिसायची ती पर्यटक नसतील तेव्हा, म्हणजे परीक्षांच्या दिवसांत आणि वादळाचा इशारा असेल तेव्हा. काळूरामदादा तिला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना "वादळी विश्वासणारे" म्हणायचे.

"बाई, एक विचारू? मला मंडळीत मत आहे का?"

"म्हणजे कसलं मत?"

"म्हणजे मीटिंगमध्ये मी हात वर केला, तर तो धरतील का?"

बाई आठवायला लागल्या. सव्वीस वर्षांच्या मीटिंगांत कोणा विशीतल्या माणसाने हात वर केल्याचं त्यांना आठवेना. आलंच नव्हतं कोणी, तर हात कुठला?

"हे कुठून काढलंस?"

मग क्रांतीने सांगितलं. पाळकसाहेबांनी तिला एका वर्गाची लिंक पाठवली होती. निरनिराळ्या देशांतली मेथॉडिस्ट तरुण मुलं आठवड्यातून एकदा मोबाईलवर जमायची. खारवाडीत नेटवर्क धड मिळतं ते पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. तिथे बसून क्रांती तीन महिने तो वर्ग करत होती. घाना देशातला एक मुलगा, तो एकोणिसाव्या वर्षी उपदेश करतो. ब्राझीलमधल्या एकीने स्वतः नवी प्रार्थनासभा सुरू केली आहे. आणि टोंगा म्हणून बेटं आहेत, तिथल्या एका मुलीचे वडील मासेमारी करतात.

"तिने मला विचारलं, तुझ्या मंडळीत तू काय करतेस? मी म्हटलं, नाताळात रांगोळी काढते. बाई, ती मंडळीच्या कमिटीवर आहे. वीस वर्षांची. आणि मी रांगोळी."

"रांगोळी चांगली काढतेस," बाई म्हणाल्या.

"बाई!"

"बरं, बरं." बाईंनी पदराने चष्मा पुसला. "ती उपदेशकाची परीक्षा देशील?"

क्रांतीने होकाराची मान हलवली ती इतक्या पटकन की बाईंच्या लक्षात आलं, पोर हेच विचारायला आली होती आणि रांगोळीवरून वळसा घालून पोचली होती.

*

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी डी.एस. साहेब, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्यांवर देखरेख ठेवणारे वरिष्ठ पाळक, स्वतः येणार होते. क्रांतीने त्यांच्यासमोर प्रवचन करायचं. ते पसंत पडलं तर मान्यता, आणि खारवाडीची उपासना चालू. नाही पडलं तर पुढच्या वर्षी पुन्हा; पण पुढच्या वर्षापर्यंत मंडळी उरायला तर हवी.

पंचकमिटीत काळूरामदादांनी आक्षेप घेतला. "उभ्या गावात दुसरं कोणी नाही का? मी आहे ना."

"दादा, तुम्ही चौऱ्याहत्तरचे."

"आवाज तर खणखणीत आहे!" असं म्हणता म्हणता दादांना खोकल्याची उबळ आली, आणि ठराव पास झाला.

सराव कुठे करायचा? चर्चमध्ये केला तर लोक आत्तापासूनच नावं ठेवतील. बाई निवृत्तीनंतर दुपारी शेजारच्या चंद्राबाईंच्या ओटीवर सुकट निवडायला बसायच्या. चंद्राबाई कोळीण, स्वतःच्या होडीच्या मालकीण, बोलायला फटकळ. ओटीवर सुकटीचा ढीग, भोवती चार-पाच बायका, प्रत्येकीच्या पुढ्यात सूप. बाईंनी क्रांतीला तिथेच उभं केलं.

"इथे? या तर आपल्या मंडळीतल्या नाहीत."

"म्हणूनच. मंडळीतले लोक अर्ध्या गोष्टी ठाऊक असल्यासारखे माना डोलवतात. या नाही डोलवणार. आणि बघ, यांचे हात चालू राहिले तर समज की तुझं चुकतंय. हात थांबले की समज, ऐकतायत."

पहिल्या दिवशी कोणाचाच हात थांबला नाही. क्रांती अनुग्रह, अभिषेक, नूतनीकरण असलं काय काय बोलत राहिली आणि सुपं सपासप चालत राहिली. शेवटी चंद्राबाई म्हणाल्या, "पोरी, मना काय बी कलला न्हाय. गोष्ट सांग ना गो एकांदी."

दुसऱ्या दिवशी तिने गोष्ट सांगितली. एक माणूस अंगाने लुळा. त्याला येशूकडे न्यायचं होतं. चौघांनी त्याला खाटेवर उचलून आणलं, पण घरापुढे ही गर्दी. दारातून शिरायला वाट नाही. तेव्हा ते चौघे छपरावर चढले, छप्पर उचकटलं आणि खाट वरून दोरांनी खाली सोडली. तो माणूस बरा होऊन आपल्या पायांनी घरी गेला.

हात थांबले. एकजण म्हणाली, "भारी हाय हां."

चंद्राबाई मात्र कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. "ता सगला बराबर. पन त्या घरवाल्याचा छप्पर मंग कोनी शाकारला?"

"काय?"

"आगो, चौघं आली, कवलां काढून गेली. बरा झाला तो चालत गेला. आनि ज्याचा घर व्हता, तो? तो काय बोलला का न्हाय?"

जन्मापासून क्रांती ही गोष्ट ऐकत होती; रविवार शाळेत तिचं चित्र रंगवलं होतं. घराच्या मालकाचा विचार तिने कधी केला नव्हता. तिने पिशवीतून वही काढली आणि तिथल्या तिथे काहीतरी लिहायला लागली.

आता इथे बाईंची चूक झाली. मोठी चूक, आणि चांगल्या मनाने केलेली, म्हणूनच ती लवकर कळली नाही. संध्याकाळी त्यांनी वही वाचली आणि त्यांना धास्ती वाटली. छप्पर, कौलं, शाकारणी! डी.एस. साहेब म्हणतील, हे प्रवचन आहे की सुताराचा हिशेब? त्यांनी ते सगळं खोडलं. आणि मग आपल्या अंगणवाडीच्या गोल अक्षरांत प्रवचन नीट लिहून काढलं. तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला दोन वचनं, शेवटी एक आवाहन. देखणं प्रवचन होतं ते, यात वाद नाही.

"हे पाठ कर," त्या म्हणाल्या. "काही विसरलीस तर मी आहेच समोर."

क्रांतीने कागद घेतले. सहा दिवस रोज संध्याकाळी तिने ते पाठ म्हणून दाखवलं आणि सहाव्या दिवशी एकही शब्द चुकला नाही. बाईंना वाटलं, जिंकलं.

*

त्या रविवारी तेहतीस माणसं आली. कोणाची परीक्षा असली की बघायला माणसं जमतातच. डी.एस. साहेब दुसऱ्या बाकावर, मांडीवर वही उघडून. कमलेशने पंखे पुसले होते. मागे दाराशी मंडळीतल्याच एका घरची रिक्षावाली रुचिका उभी होती, मांडव्याच्या जेट्टीवर मुंबईच्या बोटींची भाडी मारणारी. पॅसेंजर सोडून परत जाताना दहा मिनिटं थांबली होती. क्रांतीने त्या दिवशी होमस्टेवर सुट्टी मागितली होती आणि मालकिणीने ती नाक मुरडत दिली होती.

क्रांती वर गेली. पांढरा पंजाबी ड्रेस, वेणी घट्ट. पहिला मुद्दा तिने स्वच्छ मांडला. दोन्ही वचनं बिनचूक. डी.एस. साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं. बाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, आवाज न करता.

दुसऱ्या मुद्द्याच्या पहिल्याच वाक्याला ती थांबली.

आधी वाटलं, श्वास घ्यायला थांबली. मग वाटलं, परिणामासाठी थांबली. मग सगळ्यांना कळलं. पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. क्रांतीने बाईंकडे पाहिलं.

बाईंना पुढचं वाक्य येत होतं. येणारच. त्यांनीच लिहिलेलं होतं. 'प्रियजनहो, विश्वास हा एकट्याचा नसतो.' ते वाक्य ओठांवर आलं आणि त्यांच्या मनात त्याच क्षणी उभा राहिला अल्पेश. त्यांचा मुलगा. सतरा वर्षांचा असताना याच जागेवर तो प्रार्थना करायला उभा राहिला होता. असाच थांबला होता. बाईंनी खालून वाक्य दिलं, मग दुसरं दिलं, मग तिसरं. आणि शेवटी सगळी प्रार्थना बाईंनीच पुरी केली आणि अल्पेश नुसता वर उभा राहून आपल्या आईची प्रार्थना ऐकत राहिला. मंडळीने बाईंचं कौतुक केलं होतं. अल्पेश त्यानंतर पुन्हा वर चढला नाही. आता पनवेलला असतो, नाताळला येतो, मागच्या बाकावर बसतो. बाई आजवर समजत होत्या, मुलगा लाजाळू आहे.

"अहो बाई," काळूरामदादा काठीवर टेकून मोठ्याने म्हणाले, "सांगा की पोरीला पुढचं! नेहमी सांगता ना?"

सगळे मान वळवून बाईंकडे बघायला लागले. डी.एस. साहेबसुद्धा.

बाईंच्या आता सगळंच लख्ख ध्यानात आलं. पोर आपले शब्द विसरली नव्हती. ती बाईंचे शब्द विसरली होती. पहिला मुद्दा कसाबसा ओढून नेला आणि दुसऱ्यापाशी तिचा दम संपला, दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून कितीसं चालणार? आता वाक्य द्यावं तर प्रवचन पुरं होईल. मान्यता मिळेल. दार उघडं राहील. आणि आत परत बाईच बोलत राहतील, फक्त क्रांतीच्या तोंडून. न द्यावं तर कदाचित सगळंच जाईल, सव्वीस वर्षं, सतरा माणसं, सगळंच.

बाईंनी ओठ मिटले. मिटून नुसते थांबल्या नाहीत, तर मान खाली घातली, जेणेकरून क्रांतीला त्यांचा चेहराच दिसू नये. मांडीवरचा रुमाल त्यांनी इतका घट्ट पिळला की त्याची वात झाली. आयुष्यात एवढा वेळ त्या कधी गप्प बसल्या नव्हत्या. झोपेतही नाही, असं त्यांचे यजमान सांगायचे.

वरून आवाज आला, बारीक, पण तिचा स्वतःचा.

"मला पुढचं आठवत नाही. जे आठवतंय ते सांगू का?"

"सांग की," डी.एस. साहेब म्हणाले.

क्रांतीने कागद घडी करून ठेवले आणि ती खाली उतरली. कठड्याच्या अलीकडे येऊन उभी राहिली, ओटीवर उभी राहायची तशी.

"आपण त्या चौघांचं कौतुक करतो. पण मला एका कोळीणबाईंनी विचारलं, ज्याचं घर होतं त्याचं काय? त्याच्या डोक्यावर माती पडत होती. घरात पाहुणे होते. त्याला ओरडता आलं असतं. दार आहे ना, रांगेत या, असं म्हणता आलं असतं. त्याचं तर नावही कोणाला ठाऊक नाही. पण त्याने छप्पर उचकटू दिलं. तो ओरडला असता तर तो लुळा माणूस रस्त्यावरच राहिला असता."

मग ती काळूरामदादांकडे वळली.

"काळूरामआजोबा आम्हाला वादळी विश्वासणारे म्हणतात. मी रविवारी नऊ वाजता कुठे असते, आजोबा? मी सोळा माणसांचं आम्लेट करत असते. ही रुचिका मागे उभी आहे, तिची रिक्षा बाहेर चालू आहे. पहिली बोट लागली की तिचा दिवस सुरू. आमच्या वयाची सगळी अशीच आहेत. रविवार तुमच्या सुट्टीचा आहे, आमच्या पोटाचा आहे. आम्ही दाराशी येतो, पण आत शिरायला वाटच नाही. आम्हाला कौलं काढावी लागतील. माती पडेल. तुम्ही ओरडणार नाही ना, एवढंच विचारायचं आहे."

एवढं बोलून ती थांबली. आवाहन नाही, आमेन नाही. जाऊन आपल्या जागेवर बसली.

काळूरामदादा काठीच्या मुठीकडे बघत होते. मग ते शेजारच्याला म्हणाले, "सोळा माणसांचं? एकटी?"

नंतर मागच्या खोलीत चहा झाला. डी.एस. साहेबांनी बाईंना बाजूला घेतलं. "हे प्रवचन तुम्ही बसवून घेतलंत का?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं, निदान अर्धं. "नाही साहेब," त्या म्हणाल्या. "मी बसवलेलं ती विसरली."

साहेब हसले. "बरं झालं." आणि त्यांनी कागदावर सही केली.

*

खारवाडीची उपासना चालू राहिली. इथेच गोष्ट संपवली असती तरी बाईंचं कौतुक पुरेसं झालं असतं. पण त्यांची खरी करामत पुढची आहे.

जूनच्या सभेत वरून आलेल्या नव्या पत्राप्रमाणे अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना मत मिळालं. क्रांतीने शोधून शोधून नऊ जण आणले होते, कोणी हॉटेलातला, कोणी लॅबमध्ये असलेली, आणि रुचिका. कमलेशने तरुण संघाचा राजीनामा दिला. म्हणाला, आता मला ज्येष्ठ संघात घ्या, तिथे मी सगळ्यांत तरुण असेन. मग बाई उठल्या. सव्वीस वर्षं पुष्कळ झाली, नवीन मंडळीप्रमुख निवडा, एवढंच म्हणून खाली बसल्या. कोणाचं नाव सुचवलं नाही. गरजच काय होती? सगळ्यांनाच ठाऊक होतं की क्रांती.

पण क्रांतीच उभी राहिली आणि म्हणाली, "मी बोलायचं काम करते. चालवायचं काम मला जमत नाही. मी रुचिकाचं नाव सुचवते."

रुचिका! भाड्यावरून जेट्टीवर भांडणारी, कोणालाही तोंडावर बोलणारी, उपासनेला येऊन पुरी पाच मिनिटं न बसलेली रुचिका! बाईंच्या हातात चहाबरोबर आलेली नानखटाई होती. तोंडात वाक्य तयार होतं, नेमकं, सौम्य, कोणाला न दुखावणारं, आणि सभा फिरवून टाकणारं. बाईंनी नानखटाई सबंध तोंडात घातली. तोंड रिकामं होईपर्यंत नऊ तरुण हात आणि पाच म्हातारे हात वर गेले होते. पाचातला एक काळूरामदादांचा होता.

रुचिकाचा पहिला निर्णय असा: रविवारची उपासना नऊऐवजी पहाटे साडेसहाला. सव्वासातला संपलीच पाहिजे, कारण पहिली बोट कोणासाठी थांबत नाही. काळूरामदादांनी आंघोळीच्या पाण्याचा प्रश्न काढला. "दादा, मी येताना तुम्हाला रिक्षाने घेईन," रुचिका म्हणाली, "आंघोळ झाली असेल तर पुढे बसवीन, नाहीतर मागे." दादा त्या दिवसापासून दर रविवारी पुढे बसतात.

पहिल्या साडेसहाच्या उपासनेला बाई सहालाच जाऊन बसल्या. पहिल्या बाकावर नाही, तिसऱ्या. मुलं येत गेली, कोणाच्या अंगात हॉटेलचा टी-शर्ट, कोणाच्या हातात हेल्मेट, एकीचे केस अजून ओले. एकवीस माणसं. क्रांती थोडंच बोलली, पण चांगलं बोलली. एकदा दोनदा अडली आणि आपली आपण निघाली. मग रुचिका म्हणाली, "शेवटची प्रार्थना बाई करतील."

बाई उठल्या. त्यांनी आभार मानले; या सकाळसाठी, या मुलांसाठी, दूरदेशी असाच उठून जमणाऱ्या अनोळखी मुलांसाठी, त्या टोंगातल्या मुलीसाठीसुद्धा. मग आजाऱ्यांसाठी, थोरातांच्या आजींसाठी, होड्या घेऊन गेलेल्यांसाठी, चंद्राबाईंसाठी नावानिशी. मग सरकारसाठी. बाईंची प्रार्थना नेहमी सरकारापर्यंत पोचायची आणि तिथून पुढे आणखी बरीच चालायची.

"आमेन!" रुचिकाचा आवाज आला. ठणठणीत, जेट्टीवरचा.

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली आणि उठायला लागली. सात वाजून सोळा मिनिटं झाली होती.

बाई डोळे मिटून तशाच उभ्या राहिल्या, वाक्य अर्ध्यावर. सव्वीस वर्षांत त्यांचं वाक्य कोणी तोडलं नव्हतं. डोळे उघडले तेव्हा बाहेर दुचाक्या सुरू होत होत्या आणि क्रांती दारातून वळून "सलाम, बाई, निघते!" असं ओरडत पळत होती. बाईंनी चपला घातल्या, दाराला कडी लावली, कुलपाची चावी आता रुचिकाकडे आहे हे आठवून दार नुसत्या कडीवर सोडलं, आणि उरलेली प्रार्थना चालता चालता, सरकारापासून पुढे, घर येईस्तोवर पुरी केली.